ज्याची सही, त्याची सीट

आमच्या घरात खोटं बोलायला बंदी नव्हती. यंत्राबद्दल खोटं बोलायला होती. नको असलेला पाहुणा दारात आला की आई बिनदिक्कत "हे घरी नाहीत" म्हणून सांगायची आणि बाबा आत पलंगावर पाय ताणून ते ऐकायचे. पण मिक्सर आपोआप बंद पडला, असं कोणी म्हटलं की संपलं. "काही आपोआप होत नाही," बाबा सुरू व्हायचे. आधी काय वाटत होतीस? झाकण हाताने दाबून धरलं होतंस का? वास आला का? आला तर कसला, रबराचा की वार्निशचा? आई वैतागून म्हणायची, "अहो, चटणी वाटत होते मी, खून नाही केला." मग चटणी पाट्यावर वाटली जायची, जेवण लांबायचं आणि बाबा मिक्सरच्या मोटरीशी नाक नेऊन बसायचे. कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत स्कूटर बिघडली की लोक सुरुवातीला मोठ्या आशेने आमच्या दारात आणत. एकदा आणलेला माणूस पुन्हा आणत नसे. कोपऱ्यावरचा मेकॅनिक पैसे घ्यायचा, पण उलटतपासणी तरी घेत नव्हता.

बाबा फ्लाइंग क्लबात विमानांचे इंजिनिअर होते. त्यांचे आजोबा संस्थानाच्या पागेत घोडेस्वार होते, आणि त्या काळातली एक तलवार आमच्या देवघराच्या वर खुंटीला टांगलेली असायची. घराण्याचं वैभव म्हणायचं तर तेवढंच. बाबा दर महिन्याला ती उतरवून पुसत आणि तेलाचा हात देत. त्यांच्या लेखी तलवार, स्कूटर आणि विमान ही एकाच जातीची माणसं होती. पोटात दुखलं तर सांगता येत नाही, म्हणून आपण विचारायचं. खिशात कायम काहीतरी असायचं, एखादा वायसर, तुटका स्क्रू, चिंधीत गुंडाळलेला रबराचा तुकडा. शर्ट धुवायला टाकण्याआधी आई एकेक खिसा उलटा करायची आणि निघेल ते खिडकीतल्या पितळी वाटीत ठेवायची. एकदा न बघता टाकलेल्या स्क्रूने नव्या वॉशिंग मशिनची जाळी फाडली होती, तेव्हापासून हा नेम. त्या मशिनपुढे झालेल्या उलटतपासणीबद्दल मी इथे लिहीत नाही.

क्लबात त्या वर्षी उडणारं विमान एकच होतं. दोन लहान विमानं परदेशातून सुटे भाग येण्याची वाट बघत हँगरच्या मागच्या भिंतीला टेकून होती, त्यांच्या पंखांवर कबुतरं बसायची. राहिलं ते एक चार जणांचं जुनं अमेरिकी विमान, कुण्या गिरणीवाल्या शेठने हौस फिटल्यावर क्लबाला देऊन टाकलेलं. म्हणून त्याचं नाव शेठाणी. शेठाणी दिसायला देखणी, स्वभावाने तऱ्हेवाईक, आणि खर्चिक. नव्या खासगी विमान कंपन्या निघाल्या होत्या, पेपरात वैमानिक पाहिजेतच्या जाहिराती येत होत्या, आणि मी वीस वर्षांची, बी.एस्सी. अर्ध्यावर आलेली, मला शेठाणीवर व्यावसायिक परवान्याची परीक्षा द्यायची होती. परीक्षक दिल्लीहून येणार होते आणि ते काही माझ्यासाठी पुन्हा पुन्हा येणार नव्हते. संधी हुकली असती तर पुढची कधी, हे कोणालाच सांगता आलं नसतं, आणि तोवर वडोदऱ्यातल्या मराठा घरातली मुलगी किती दिवस "विमान शिकते" म्हणून बसणार? आत्या तर दर रविवारी एक स्थळ घेऊनच यायची.

आता शेठाणीची एक खोड सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. विमानाच्या पंखांच्या मागच्या कडेला झडपा असतात, त्यांना फ्लॅप म्हणतात. उतरताना त्या खाली सोडल्या की पंख जास्त हवा धरतो आणि विमान हळू उडूनही खाली पडत नाही. दुसऱ्या विमानांत यासाठी बटण किंवा लांब दांडा असायचा. शेठाणीत दोन सीटांच्या मधे हातपंपाचं हँडल होतं. ते दाबलं की लाल तेल नळीतून जोराने जाऊन फ्लॅप खाली ढकलायचं. चार दाबांत फ्लॅप पुरते खाली. वर घ्यायचे तर शेजारची कळ उघडायची, तेल टाकीत परत जायचं आणि फ्लॅप आपले वर. कळीच्या पोटात एक छोटी पोलादी गोळी होती. ती आपल्या खाचेत घट्ट बसली की तेल अडून राहायचं. सगळा भरवसा त्या गोळीवर.

दसऱ्याला घरची तलवार पुजून झाली की आई हँगरवर जायची. हा क्लबाचा रिवाजच होता. सकाळी फाफडा-जलेबीची पुडकी यायची, रमणभाई मेकॅनिक झेंडूच्या माळा पंख्याला बांधायचे, आमचे उड्डाण-शिक्षक कॅप्टन देसाई बूट काढून मोज्यांवर उभे राहायचे, आणि पूजा मात्र मोहितेभाभींनीच, म्हणजे आईनेच, करायची. बाबांचा आणखी एक नेम होता. दसऱ्याला कुठल्याही यंत्राचं पोट अपुरं ठेवायचं नाही. सगळ्यांचं तेल त्या दिवशी काठोकाठ. त्या वर्षी ते शेठाणीच्या तेलाच्या टाकीपाशी होते. जाळी रॉकेलमध्ये धुऊन वर्तमानपत्रावर वाळत ठेवली होती, टाकीचं तोंड उघडं होतं, आणि आई ताट घेऊन मागे उभी. "अहो, व्हा ना बाजूला, मुहूर्त जातोय. पोरगी बसणार आहे यात," ती म्हणाली. बाबा हात पुसत बाजूला झाले. आईने हळद-कुंकू वाहिलं, ओवाळलं, कुंकवात घोळलेल्या अक्षता मूठभर टाकल्या आणि मला म्हणाली, "हवे जा सुजाता, आता नमस्कार कर तिला." मी शेठाणीच्या नाकाला हात लावून नमस्कार केला. जलेबी अजून गरम होती.

त्यानंतरच्याच आठवड्यात ते पहिल्यांदा झालं. हरणीची धावपट्टी समोर, खाली हायवेवरचे ट्रक, देसाईसाहेब शेजारी. मी चार दाब दिले, फ्लॅप उतरले, वेग बरोबर. आणि अचानक सीटखालून कोणी पाट काढून घ्यावा तसं विमान बसायला लागलं. देसाईसाहेबांनी इंजिनचा जोर वाढवला, नाक सावरलं आणि आम्ही धावपट्टीवर आदळलो. खाली उतरल्यावर ते म्हणाले, "बेन, हाथमां जोर जोईए. पंप पूरो नथी कर्यो तें." मी म्हटलं, पूर्ण केला होता, साहेब, फ्लॅप वर आले. "वर आले? कसे?" त्यांनी विचारलं. आणि मी, आमच्या घरात वाढलेली मी, बाबांच्या समोर म्हणून गेले, "आपोआप."

बाबा दोन दिवस शेठाणीच्या पोटाखाली पाठीवर पडून होते. तेलाची पातळी बघितली, बरोबर. नळ्यांचे सांधे पांढऱ्या कपड्याने पुसून बघितले, कुठे लाल डाग नाही. नळीत हवा शिरली असेल म्हणून तेल काढून पुन्हा भरलं. मग फ्लॅप खाली करून रमणभाईंना आणि आणखी एकाला तळव्यांनी वर रेटून धरायला लावलं, हवा रेटते तसं. रमणभाई घामाघूम झाले. फ्लॅप तसूभर हलले नाहीत. "आमां कंई नथी, साहेब," रमणभाई म्हणाले. मग देसाईसाहेब एकटे शेठाणी घेऊन वर गेले, दोन फेऱ्या मारून, दोनदा उतरून आले. लोण्यासारखं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्याचाच मला जास्त अपमान वाटला. बाबांनी नोंद केली, बिघाड आढळला नाही, आणि खाली सही.

त्या सहीच्या नियमाबद्दलही सांगते. क्लबात फार जुना दंडक होता की ज्या इंजिनिअरने विमान तंदुरुस्त म्हणून सही केली, त्याने दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणात बसायचं. ज्याची सही, त्याची सीट. कागदावर हा नियम कुठे नव्हता, पण बाबांनी तो कधी मोडला नाही. आता दुरुस्ती काही झालीच नव्हती, तेव्हा बसायचाही प्रश्न नव्हता. पुढच्या चार दिवसांत मी देसाईसाहेबांबरोबर आणखी दोनदा उडाले, आणि दुसऱ्या वेळी पुन्हा तेच झालं. फ्लॅप वर, विमान खाली. या वेळी साहेबांनी हँडलकडे बघितलं आणि म्हणाले की माझं कोपर कळीला लागत असणार. मुलींना या सीटवरून हात नीट पोचत नाही. परीक्षकांना ते कळवणार होते की ही विद्यार्थिनी अजून तयार नाही.

त्या दिवशी आम्ही घरी जेवायला बसलो. आईने माझ्या आवडीचं सेव-उसळ केलं होतं, वर हिरवी तर्री, लिंबू, आणि मी पाव मोडून नुसता ताटात ठेवत होते. बाबा शांतपणे जेवत होते. त्यांच्या त्या शांत जेवण्याचा मला इतका राग आला की मी म्हटलं, "तुम्ही लिहून दिलंत, बिघाड नाही. म्हणजे मी खोटी."

"मी तसं लिहिलं नाही," बाबा म्हणाले.

"मुलगी खोटं बोलते का?" आईने विचारलं.

"मी तसं म्हटलं नाही."

"मग खरं बोलते?"

"तसंही म्हटलं नाही मी."

आईने पळी पातेल्यात आपटली. "अहो, वकील आहात का बाप आहात?" बाबा पाणी प्यायले. मग म्हणाले, "उद्या मी लिहिलं की बिघाड आहे, आणि कोणी विचारलं कुठे आहे, दाखवा, तर काय दाखवू? मोहित्यांनी पोरीसाठी लिहिलं म्हणतील. मग तिचा परवानाही खोटा आणि माझ्या आजवरच्या सह्याही खोट्या." मी ताट सोडून उठले. बाबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण वीस वर्षांच्या मुलीला बरोबर बाप नको असतो, आपल्या बाजूचा बाप हवा असतो. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले आहे, आणि खरं सांगायचं तर मला अजूनही तसंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत केस विंचरत होते. बाबा चहाचा कप घेऊन आले आणि कठड्याला टेकले. खाली ट्यूशनची मुलं सायकली लावत होती. "हँडल हाताला कसं लागतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कसं म्हणजे, हँडलसारखं. "नाही. फ्लॅप राहतात तेव्हा कसं, आणि वर येतात तेव्हा कसं?" मी फणी थांबवली. खरंच फरक होता, पण मला कोणी विचारला नव्हता. "वर येतात तेव्हा शेवटच्या दाबाला कच लागते. भातात खडा यावा तशी. मग एकदम मऊ."

"पहिल्या उतरण्यात होतं?"

मी आठवून बघितलं. "नाही. पहिल्यात कधीच नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीला."

"साहेब किती वेळा उतरले होते?"

"दोनदाच."

बाबांनी कप कठड्यावर ठेवला. "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत," मी म्हटलं. "मिक्सरला विचारता."

त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा तसाच टाकला आणि पायात चपला घालूनच सोसायटीच्या फाटकापर्यंत गेले. मग परत येऊन बूट घातले.

क्लबात त्यांनी देसाईसाहेबांना सांगितलं, "आज सुजाता चालवेल, शेजारी मी बसेन, तुम्ही खालून बघा." माझ्याकडे साधा परवाना होता, तेव्हा नियमात बसत होतं. साहेब म्हणाले, "पण दुरुस्ती कुठे झालीय? सीट कशाची?" बाबा म्हणाले, "बिघाड नाही म्हणून सही केलीय ना मी? मग त्याचीच." साहेबांनी हात वर केले. "जोखम तमारुं." रमणभाईंनी बाबांच्या सांगण्यावरून फ्लॅपच्या कडेला लाल चिकटपट्टीचा एक तुकडा लावला आणि पंखावर दुसरा, अगदी त्याच्या समोर. आत बसून खिडकीतून दिसावं की दोन्ही तुकडे एकमेकांपासून किती सरकले.

वर गेल्यावर बाबांनी आधी मला बरंच उंच नेलं. नंदेसरीच्या चिमण्यांचा पिवळट धूर खाली आडवा पसरला होता, महीचं पात्र चमकत होतं. बाबा खाली बघतच नव्हते. मान वळवून ते त्या लाल तुकड्यांकडे बघत होते. फ्लॅप खाली, फ्लॅप वर, पुन्हा खाली. पाच-सहा वेळा केलं. काहीही झालं नाही. हँडल लोण्यासारखं चाललं. "चल, उतरू," बाबा म्हणाले. उतरलो, पुन्हा उठलो. पुन्हा उतरलो. सगळं ठीक. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, एकदा बिघडू दे. विमानात बसून देवाकडे बिघाड मागणारी माझ्यासारखी वेडी दुसरी कोणी नसेल, आणि शेजारी सख्खा बाप बसलेला! पण मला तो हवाच होता. बिघाड नसता तर मीच बिघाड होते.

तिसऱ्या खेपेला आम्ही पुन्हा धावपट्टीच्या रेषेत आलो. खाली हायवे येत होता, भाताच्या पोत्यांनी भरलेले ट्रक एकामागून एक. पहिला दाब, दुसरा, तिसरा. चौथ्याला हाताला कच लागली. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "चाललं." अगदी हळू, एखाद्या आजाऱ्याचा श्वास मोजत असावेत तसं. ते तुकडे बघत होते. विमान बसायला लागलं. ट्रकांच्या टपावरच्या ताडपत्रीच्या दोऱ्या मला दिसू लागल्या. माझा हात पुन्हा हँडलकडे गेला. "दाबू नको," बाबा म्हणाले. "किती वर येतात ते बघू दे."

"बाबा!"

"दाबू नको. कुठे थांबतात ते—"

"विमान माझ्या हातात आहे!" मी ओरडले. बाबांवर त्या आवाजात मी आधी कधी ओरडले नव्हते. इंजिनाला पूर्ण जोर दिला, नाक थोडं खाली दाबून वेग येऊ दिला, आणि वेग आल्यावर मगच वर उचललं. ट्रक आमच्या पोटाखालून गेले. धावपट्टीवरून तशीच पुढे गेले, उंच झाले आणि मग कळ पुरती उघडून उरलेले फ्लॅपही वर घेऊन टाकले. ज्या फ्लॅपचा भरवसा नाही ते अर्धे खाली असण्यापेक्षा नसलेले बरे. मोठा वळसा घेऊन, फ्लॅपशिवाय, जास्त वेगाने, लांबलचक धावपट्टीच्या सुरुवातीलाच टेकवलं. शेठाणी धावत धावत शेवटाजवळ जाऊन थांबली. बाबा अजून खिडकीतूनच बघत होते. मग ते माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "बरोबर केलंस," ते म्हणाले. "मी चुकलो. चालवणाऱ्याला मधे बोलू नये."

हँगरात त्यांनी कळ खोलली. रमणभाईंनी खाली ॲल्युमिनियमचं ताट धरलं होतं, देसाईसाहेब कमरेवर हात ठेवून वाकले होते. डाळिंबाच्या रसासारखं लाल तेल ताटात आलं. बाबांनी चिमट्याने पोलादी गोळी काढली, भिंगातून बघितली, गुळगुळीत. मग काडीला पांढरी चिंधी गुंडाळून खाच पुसली आणि चिंधी उजेडात नेली. तिच्यावर लाल तेलाचा डाग होता आणि डागात एक बारीक कण. तोही लाल. तेलात असता तर सात जन्मांत दिसला नसता. तेलाबरोबर फिरत फिरत कधी तो गोळीखाली जायचा, कधी निघून जायचा. बाबांनी तो नखावर घेतला, अंगठ्याने पुसला, आणि दाबला. तो तुटला. आत पांढरा होता.

रमणभाई जवळ आले. "साहेब, आ तो चोखा छे."

"चोखा? तांदूळ? विमानमां?" देसाईसाहेब म्हणाले.

मी बाबांकडे बघत होते आणि मला दिसलं की त्यांना दसऱ्याची सकाळ दिसतेय. वर्तमानपत्रावर वाळणारी जाळी. उघडं तोंड. कुंकवाच्या अक्षतांची मूठ. मलाही तेच दिसत होतं, आणि रमणभाईंनाही. ते हळूच म्हणाले, "पण त्या दिवशी भाभी—"

"झाकण माझं होतं, रमणभाई," बाबा म्हणाले. "जाळी मी काढली होती. तोंड मी उघडं टाकलं होतं. चूक माझी." आणि त्यांनी तसंच लिहिलं, आपल्या नावाने. तांदळाचा कण कुठून आला, हे त्यांनी लिहिलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. देसाईसाहेबांनी माझ्यापुढे हात जोडले. "सॉरी, बेन. हाथमां जोर छे तारा." ते मोठ्या मनाचे होते, पुढे परीक्षकांसमोर त्यांनी माझी जी तारीफ केली ती ऐकून मलाच लाजायला झालं. बाबांनी तो कण चिंधीत गुंडाळला आणि सवयीने शर्टाच्या खिशात टाकला.

घरी जाताना स्कूटरवर मागे बसून मी ठरवत होते की आईला कसं सांगायचं. मला सांगायचंच होतं, कारण मी खरी ठरले होते, आणि ते ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण फतेहगंजच्या पुलावर डोक्यात आलं की आईला कळेल म्हणजे नक्की काय कळेल? तिने माझ्यासाठी वाहिलेल्या अक्षतांनी मला ट्रकांवर नेऊन बसवलं असतं. ती पुढे आयुष्यभर देवापुढे हात जोडताना थांबली असती. मी बाबांच्या पाठीकडे बघत होते. त्यांच्या घरात यंत्राबद्दल खोटं बोलायची बंदी होती, आणि ते कसं सांगतील, या विचाराने मला धडकी भरली. लपवणार नाहीत, हे मला माहीत होतं.

आई दारातच होती. "काय झालं? सापडलं?"

"सापडलं," बाबा बूट काढत म्हणाले. "सुजाता म्हणत होती तेच खरं. विमानातच होतं."

"म्हटलं नव्हतं मी! चोक्कस खरं बोलते म्हटलं होतं ना!" आईने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग तिचं बाबांकडे लक्ष गेलं. तिला आमच्या घरातला नियम ठाऊक होता, आणि इतक्या वर्षांच्या चटण्यांचा सूड उगवायची संधी ती कशी सोडेल? "पण काय होतं नक्की?"

"रबराची रिंग झिजली होती. आतली."

"झिजली? आपोआप?"

बाबांनी बूट कोपऱ्यात नीट जोडून ठेवले. "हो," ते म्हणाले. "कधी कधी होतं आपोआप."

आई हसत हसत ताटं घ्यायला गेली. मी तिथेच उभी राहिले. माझा परवाना वाचवण्यासाठी ज्या माणसाने एक खोटी ओळ लिहिली नव्हती, तो बायकोसाठी यंत्राबद्दल धडधडीत खोटं बोलला होता. मला त्यांचा हेवा वाटला की आईचा, हे मला आजही सांगता येत नाही. रडू मात्र आलं, आणि मी हात धुवायच्या निमित्ताने मोरीत गेले.

परीक्षा झाली, मी पास झाले, पुढची सगळी वर्षं मोठ्या विमानांत गेली. तिथे बिघाड पडद्यावर लिहून येतो. कोणाला हाताला कच लागत नाही. बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली आणि आई मागच्या वर्षी गेली, म्हणून आता हे लिहिता येतं. पण एक गोष्ट मी तेव्हा पाहिली होती आणि तिचा अर्थ पुष्कळ उशिरा लावला. त्याच्या पुढच्या दसऱ्याला आई नेहमीप्रमाणे हँगरवर आली. ताटात हळद, कुंकू, निरांजन आणि झेंडूची फुलं होती. बाबांनी टाकीचं झाकण आधीच घट्ट लावून ठेवलं होतं, दोनदा हात फिरवून. त्यांनी ताटाकडे बघितलं. "अक्षता?"

"राहिल्या घरी," आई म्हणाली. "फुलं पुरेत."

आमची आई पूजेला काही विसरणारी बाई नव्हती. आणि खिसे उलटे केल्याशिवाय शर्ट धुवायला टाकणारीही नव्हती. बाबांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. उलटतपासणी मात्र घेतली नाही.